जाळीतून उगवलेलं गवत

व्हर्लीन स्टकीने एकतीस वर्षं शाळेची पिवळी बस चालवली आणि त्या एकतीस वर्षांत ती अर्ध्या रस्त्यातून एकदाही माघारी फिरली नाही. बर्फ पडो, पुलावर पाणी येवो, मागच्या सीटवर गुद्दागुद्दी होवो, पोरं शाळेत पोचायचीच. एकदा मुख्याध्यापकांनी वायरलेसवर सांगितलं, "व्हर्लीनबाई, आज राहू द्या, खाडीपुलाचा रस्ता बंद केलाय." तिने उत्तर दिलं, "साहेब, तो मी आत्ताच ओलांडला. बंद केल्याचं त्याला कुणी कळवलं नसावं." हॅकेट क्रीक गावात हा किस्सा अजून सांगतात. सांगणारे निम्मे तिच्याच बसमधून शाळेत गेलेले, त्यामुळे मीठमसाला भरपूर असतो, पण बाई त्यात बरोबर उतरली आहे.

अशा बाईचा एकाहत्तराव्या वर्षी खुबा मोडला. सांधा बदलला, आणि मग पाच आठवडे तिला एका शुश्रूषागृहात ठेवलं. त्या पाच आठवड्यांबद्दल ती कुणाशी बोलत नसे. तिच्या खाटेला घंटीचं बटण होतं. ते दाबलं की दारावर दिवा लागायचा. लागायचा आणि लागलेलाच राहायचा. पहिल्या शनिवारी दुपारी तिला संडासला जायचं होतं आणि एकटीने उठायला बंदी होती. तिने चाळीस मिनिटं बटण दाबलं. समोर घड्याळ होतं म्हणून चाळीस हा आकडा पक्का. त्यानंतर व्हायचं ते झालं. परिचारिका आली, चादर बदलली, "असू दे हं, या वयात होतंच," म्हणाली आणि कागदावर काहीतरी लिहून गेली. एकतीस वर्षं आरशात बघून गाडी हाकणाऱ्या बाईला उलटंसुलटं सगळं वाचता येतं. कागदावर लिहिलं होतं, 'लघवीवर ताबा नाही.' घंटीबद्दल एक अक्षर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिला लंगोट बांधायला लागले.

मुलगा रँडल शहरातून भेटायला आला तेव्हा त्याने तो कागद वाचला होता. "आई, इथेच राहिलीस तर बरं नाही का? बघायला माणसं आहेत," तो म्हणाला. व्हर्लीनने त्याच्याकडे असं काही पाहिलं की पंचेचाळीस वर्षांचा तो बाप्या खिडकीबाहेर बघायला लागला. पाचव्या आठवड्यात तिने स्वतःच्या जबाबदारीवर सही केली आणि वॉकर ढकलत घरी आली. घरी एकदाही चादर ओली झाली नाही. संडास अकरा पावलांवर होता आणि तिथे जायला तिला कुणाची वाट बघायची नव्हती.

हे सगळं आधी सांगितलं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळत नाही. नाहीतर लोक म्हणतात तसं तुम्हीही म्हणाल, की म्हातारी एका कुत्रीपायी वेडी झाली.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मेथडिस्ट चर्चच्या तळघरात पॅनकेकची न्याहारी होती. कोपऱ्यात कॅरिसा नावाची एक पोरगी टेबल मांडून बसली होती. तिशीतली, मनाने चांगली, जिथे जाईल तिथे कागद अडकवलेली फळी छातीशी धरणारी. सोडवलेल्या कुत्र्यांना घरं शोधून देणाऱ्या मंडळाचं काम ती बघायची. त्या हिवाळ्यात शेजारच्या काउंटीतल्या एका माणसाच्या शेडमधून त्यांनी चाळीसेक कुत्री बाहेर काढली होती. पिल्लं विकणारा माणूस. माद्या पिंजऱ्यात, पिंजरे एकावर एक, तळाला तारेची जाळी, म्हणजे घाण आपोआप खाली पडावी आणि साफ करायला कुणाला वाकायला लागू नये. दिसायला गोड होती ती कुत्री आठवड्याभरात गेली. टेबलावर एकच फोटो उरला होता. बीगल जातीची, सात वर्षांची, लोंबत्या कानाची, कानात ११४ गोंदलेलं. फोटोखाली लिहिलं होतं, 'पिंजऱ्यातच घाण करते. सुधारण्याची शक्यता कमी.'

व्हर्लीनने पॅनकेकची बशी टेबलावर ठेवली.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच," कॅरिसा म्हणाली. "तीन घरांतून परत आलीय ती, मिसेस स्टकी. लोकांना फसवायला नको ना."

"आणि तिला विचारलं का?"

कॅरिसा हसली. व्हर्लीन हसली नाही. मग कॅरिसाने सगळं समजावून सांगितलं. चौथ्यांदा परत आली तर तिला पुन्हा घर शोधायचं नाही, असा मंडळाचा नियम. मग ती जन्मभर शहराबाहेरच्या कुत्रेखान्यात राहील. तिथे हाल नसतात. सिमेंटची जमीन, वेळेवर खाणं, आठवड्यातून एकदा डॉक्टर.

"आणि दाराला जाळी?"

"हो, जाळी असणारच ना."

"किती दिवस देता?"

"चार आठवडे. चार आठवड्यांनी मी येऊन बघते. पिंजऱ्यात सलग चार तास कोरडं राहायचं, आणि बाहेर नेल्यावर बाहेरच करायचं. एवढं जमलं तर पुढे तिला घर शोधता येईल. पण मिसेस स्टकी, तुमचा वॉकर..."

"वॉकर मी कुत्र्याला चालवायला देणार नाहीये," व्हर्लीन म्हणाली. "कुठे सही करू?"

कुत्री घरी आली. शेडमध्ये तिला नाव नव्हतं. मंडळाने 'प्रिन्सेस' ठेवलं होतं. ते ऐकून व्हर्लीनच्या कपाळाला आठ्या पडल्या. सात वर्षं विष्ठेवर झोपलेल्या बाईला राजकन्या म्हणायचं, ही कसली थट्टा! तिने तिला मेव्हिस म्हणायला सुरुवात केली. साधं, चार घरी ऐकू येईल असं नाव. मेव्हिसला त्यातलं काही कळलं नाही. ती मंडळाने दिलेल्या पिंजऱ्यात जाऊन बसली आणि भिंतीकडे तोंड करून राहिली. पिंजरा तारेचा, तळाला तारेची चौकट, तिच्याखाली ओढून काढायचा पत्र्याचा ट्रे. व्हर्लीनने आत जाड टॉवेल अंथरला. तासाभरात टॉवेल कोपऱ्यात गोळा झालेला होता आणि जाळीवर घाण होती.

आता आमच्याकडे एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मका कधी पेरायचा यावर वाद होतील, पण कुत्रं आपल्या झोपायच्या जागी घाण करत नाही यावर होणार नाहीत. करत असेल तर पिंजरा मोठा आहे, लहान करा. मंडळाच्या पुस्तिकेतही तेच छापलं होतं. पोस्टातल्या बाईने तेच सांगितलं, खाद्याच्या दुकानातल्या दोघांनी तेच सांगितलं. आणि शेजारचा ऑर्व्हिल गुंथर तर अंगणाच्या कडेला उभा राहून रोजच सांगायचा.

ऑर्व्हिल म्हणजे धान्याच्या कोठारावरचा निवृत्त मुकादम. बायको गेल्यापासून त्याने आपला सगळा जीव दारासमोरच्या हिरवळीत ओतला होता. आठवड्यातून दोनदा कापायची, एकदा उभी, एकदा आडवी. पाखरू जरी उतरलं तरी हा खिडकीतून बघायचा.

"व्हर्लीन, अगं फळी घाल मधे. निम्मा कर पिंजरा," तो म्हणाला. "वळायलाच जागा नसली की कशी करेल?"

"तू तुझं गवत बघ."

पण फळी तिने घातली. काय करणार, सगळेच म्हणत होते. पिंजरा निम्मा झाला. आता टॉवेल सारायला कोपराच उरला नाही, आणि मेव्हिस टॉवेलसकट, पायांसकट, कानांसकट भरली. कुंई नाही, कांई नाही. घाणीत बसून भिंतीकडे बघत राहिली. व्हर्लीनने तिला न्हाणीत उभं करून धुतलं. सायंकाळी पुन्हा धुतलं. सकाळी पुन्हा. धुताना कुत्री दगडासारखी उभी राहायची, आणि व्हर्लीनचा खुबा असा ठणकायचा की तिला ओठ चावून कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. ऑर्व्हिल म्हणाला, अजून लहान कर. तिने अजून लहान केला. त्याने अजून वाटोळं झालं.

बाहेर नेलं तर निराळीच तऱ्हा. घराच्या मागे पायऱ्या आहेत, त्या व्हर्लीनला उतरता येत नव्हत्या. पुढच्या दाराला वॉकरसाठी लाकडी उतरण केलेली, तिथून ती मेव्हिसला घराच्या आणि ऑर्व्हिलच्या हिरवळीच्या मधल्या पट्ट्यावर न्यायची. मेव्हिस गवतावर पाय ठेवायची आणि गोठायची. एक पंजा वर, शेपूट पोटाखाली, जणू खाली निखारे आहेत. वीस मिनिटं, अर्धा तास, चाळीस मिनिटं. काही नाही. घरात आणून पिंजऱ्यात ठेवायचा अवकाश, लगेच मोकळी.

"ही मुद्दाम करते," ऑर्व्हिलने निकाल दिला. "चीड आहे तिला माणसांची. बाहेर धरून ठेवते आणि आत आली की तुझ्या नाकावर टिच्चून करते."

"चीड असली तर बरोबरच आहे," व्हर्लीन म्हणाली. पण त्या दिवशी तिचा आवाज थोडा खाली होता. बारा दिवस झाले होते. मेव्हिसच्या पंजांना धुऊन धुऊन भेगा पडल्या होत्या. रविवारी रँडलचा फोन आला. "आई, परत करून टाक ना. तुझ्या तब्येतीला झेपणारं आहे का हे? काही काही कुत्री नाहीच सुधारत."

"कुठल्या कागदावर वाचलंस?" तिने विचारलं. उत्तर ऐकायला ती थांबली नाही. तिने फोन ठेवला आणि जरा वेळ स्वयंपाकघरात बसून रडली. रडली हे खरं आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. मग नाक पुसून उठली आणि पिंजरा धुवायला बाहेर काढला.

पिंजरा खोलला की त्याचे पाच-सहा तुकडे होतात. ते तिने मधल्या पट्ट्यावर पसरले, नळीने धुतले आणि वाळत टाकले. मेव्हिसला उतरणीच्या कठड्याला बांधून ठेवलं होतं. दोरी लांब होती. व्हर्लीन नळी गुंडाळत होती आणि तिला पाठीमागे तारेचा बारीक आवाज आला. वळून बघते तर मेव्हिस गवतातून, एकेक पाय झटकत, पिंजऱ्याच्या तळाच्या चौकटीपर्यंत चालत गेली होती. चौकट गवतावर आडवी पडलेली. ती तिच्यावर चढली, चारही पाय तारेवर नीट ठेवले, एकदा गोल फिरली आणि बसली. लघवी केली. भरपूर केली. मग खाली उतरून दोरीच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

व्हर्लीनच्या हातातून नळी सुटली.

ही कुत्री चुकत नव्हती. सात वर्षं तिच्या पायांखाली जाळी होती, आणि जाळी म्हणजेच संडास हे तिला आयुष्याने शिकवलं होतं. तिच्यापुरतं ती बरोबर जागी जात होती. दर वेळी टॉवेल कोपऱ्यात सारायची तो राग नव्हता. अंथरूण वाचवत होती ती! चांगलं जाड अंथरूण, आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं, ते भिजू नये म्हणून बाजूला ठेवत होती. आणि आम्ही शहाण्या माणसांनी काय केलं, तर पिंजरा लहान करून करून तिचा तो कोपराही काढून घेतला. पुस्तिका लिहिणाऱ्याने, पोस्टातल्या बाईने, ऑर्व्हिलने आणि स्वतः व्हर्लीनने. तिला स्वतःचाच असा संताप आला की तिने वॉकर उचलून जमिनीवर आपटला.

"ऑर्व्हिल!" ती ओरडली. "करवत आहे का तुझ्याकडे?"

ऑर्व्हिल करवत घेऊन आला, कारण तिने तशा आवाजात बोलावल्यावर न येणारा माणूस गावात नाही. तिने त्याच्याकडून पिंजऱ्याच्या मापाची प्लायवूडची फळी कापून घेतली. मधली आडवी फळी काढून फेकली, पिंजरा पुन्हा पुरा मोठा झाला. तळाला प्लायवूड, त्यावर तिच्या जुन्या बसच्या सीटचं हिरवं आवरण ताणून बसवलं. बस भंगारात गेली तेव्हा तिने ती एक सीट मागून आणली होती आणि इतकी वर्षं ओसरीवर ठेवली होती. आता आत तार कुठेच पायाखाली लागत नव्हती. आणि तारेची चौकट राहिली बाहेर, मधल्या पट्ट्यावर, गवतात आडवी.

"ही इथेच ठेवणार?" ऑर्व्हिलने विचारलं. "माझ्या खिडकीसमोर? रस्त्यावरून दिसते, व्हर्लीन!"

"दिसू दे."

"अगं पण गावात काय म्हणतील? अंगणात भंगार म्हणतील."

"संडास आहे तो मेव्हिसचा. तुझा कुठे आहे मी विचारायला आले होते का?"

ऑर्व्हिल लाल झाला आणि करवत घेऊन निघून गेला.

मंडळालाही ते पटलं नाही. कॅरिसाचा फोन आला तेव्हा तिने पुस्तिकेचं पानच वाचून दाखवलं. "मिसेस स्टकी, तुम्ही चुकीची सवय पक्की करताय. घराघरांत लोक अंगणात जाळ्या टाकणार नाहीत. तिने गवतावरच केलं पाहिजे, नाहीतर मला ते धरता येणार नाही."

"तुझी पुस्तिका तिने वाचलेली नाही, पोरी. तिला एका वेळी एकच गोष्ट बदलू दे. आधी जागा बदलू दे, मग जमीन."

"दोन आठवडे उरलेत."

"मला मोजता येतं."

त्या आठवड्यात अजून एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. ती दुपारी रूबार्ब नावाच्या आंबट भाजीचे देठ चिरत बसली होती. पिंजऱ्यातून आवाज आला. टिंग. मेव्हिसने एका नखाने समोरची तार एकदाच वाजवली होती. व्हर्लीनने मान वर केली, मेव्हिसने मान फिरवली. वाजवलंच नाही अशी. आणि मग ती गोल फिरायला लागली. व्हर्लीनने सुरी बाजूला ठेवली. एवढीच हाक होती तिची. एकदा, हळूच, आणि उत्तराची आशा न ठेवता. शेडमध्ये चाळीस कुत्री होती आणि माणूस एक. किती वर्षं ती तार वाजवत राहिली असेल, आणि कितव्या वर्षी एकदाच वाजवायची ठरवली असेल, कोण जाणे.

"येते गं! येते, येते, थांब!" व्हर्लीन वॉकर सावरत उठली. खुब्यातून कळ गेली, गेली तर गेली. पिंजरा उघडला, उतरणीवरून खाली, चौकटीवर. मेव्हिस बसली.

त्या दिवसापासून टिंग झालं की घरातून हाक यायची, "येते गं!" समोरून जाणाऱ्या लोकांनाही ऐकू यायची. भांड्यांत हात असले तरी, फोनवर रँडल असला तरी. रँडल एकदा म्हणाला, "आई, मी बोलतोय." ती म्हणाली, "तू धरून ठेवू शकतोस, तिने का धरून ठेवावं?" आणि फोन टेबलावर ठेवून गेली. हाक मारली की व्हर्लीन येते हे कळायला मेव्हिसला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी तिने तार दोनदा वाजवली. आणि भिंतीकडे तोंड करून बसायची ती दाराकडे तोंड करून बसायला लागली. पिंजरा कोरडा राहायला लागला.

पण मे महिना होता, पाऊस झाला होता, आणि मधल्या पट्ट्यावरचं गवत चौकटीतून वर आलं. आधी तारेच्या खाली, मग तारेला टेकलेलं, मग तारेच्या वर दोन बोटं. व्हर्लीनने ते तसंच वाढू दिलं. मेव्हिसच्या तळव्यांना आता तार लागायची आणि गवतही लागायचं, आणि ती पाय झटकत नव्हती. व्हर्लीनला हेच हवं होतं. चौकट हलवायची नाही, गवताने तिला हळूहळू गिळून टाकायचं. ऑर्व्हिलच्या मात्र जिवाची तगमग व्हायची. त्याच्या गुळगुळीत हिरवळीला लागूनच हे रान माजलेलं. रोज गवत कापायचं यंत्र घेऊन तो पट्ट्याच्या कडेपर्यंत यायचा आणि थांबायचा.

"एकदाच फिरवू का गं?"

"फिरवून तर बघ."

"चार इंच झालंय!"

"सहा होऊ दे. दहा होऊ दे."

कॅरिसा येणार त्या दिवशी गावात वसंतातली सफाई होती. वर्षातून एकदा सगळे आपलं भंगार रस्त्याकडेला काढून ठेवतात आणि पालिकेचा ट्रक घेऊन जातो. सकाळी आठला व्हर्लीनने मेव्हिसला बाहेर नेऊन आणलं आणि पिंजऱ्यात ठेवलं. चार तास तिथून सुरू होत होते. मग ती आंघोळीला गेली. पाण्याच्या आवाजात तिला बाहेरचं यंत्र ऐकू आलं नाही. नऊला कॅरिसा तिची कागदांची फळी घेऊन आली आणि स्वयंपाकघरात बसली. दोघी कॉफी प्यायल्या, घड्याळाकडे बघत राहिल्या, मेव्हिस हिरव्या सीटवर झोपली. दहा वाजले, अकरा वाजले. सव्वाअकराला मेव्हिस उठली, आळस दिला, पुन्हा बसली. बाराला पाच मिनिटं कमी असताना मेव्हिसने नखाने तार दोनदा वाजवली. टिंग, टिंग.

"येते गं!"

"पाच मिनिटं आहेत अजून," कॅरिसा घाबरून म्हणाली.

"तिने हाक मारली आहे."

कॅरिसाने व्हर्लीनच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि घड्याळाकडे पाठ करून उठली. पिंजरा कोरडा खडखडीत होता. तिघी दाराबाहेर आल्या. उतरणीच्या मध्यावर व्हर्लीन थांबली.

मधला पट्टा गुळगुळीत कापलेला होता. एकदा उभा, एकदा आडवा. चौकट नव्हती. ऑर्व्हिल कडेला यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता, स्वच्छ शर्ट घातलेला, केस ओले करून विंचरलेले.

"पाहुणी येणार म्हणून म्हटलं नीट करून द्यावं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात एवढी माया होती की व्हर्लीनच्या तोंडून शिवी बाहेरच येईना. "सगळं ट्रकवर चढवलं. तुला वाकायला नको म्हणून मीच."

आमच्याकडे हेच चालतं. शेजाऱ्याकडे पाहुणा येणार म्हटलं की त्याचं गवत कापून द्यायचं, न विचारता. यापलीकडे ऑर्व्हिलला प्रेम दाखवता येत नव्हतं आणि त्याने ते दाखवलं होतं.

"ती जाळी," व्हर्लीन म्हणाली.

मेव्हिस उतरणीवरून खाली गेली. ती सरळ जागेवर गेली. कापलेल्या गवतात अजून फिक्या रंगाचा एक चौकोन दिसत होता, तारेच्या रेघा उमटलेला. तिने तो हुंगला. एका कडेने हुंगला, दुसऱ्या कडेने हुंगला. मग उभी राहिली आणि एक पंजा वर घेतला. तोच जुना पंजा. कॅरिसाने लेखणीचं टोपण काढलं आणि नजर खाली घातली, कारण पोरगी वाईट नव्हती आणि पुढचं तिला बघवणार नव्हतं. व्हर्लीनने कठडा घट्ट धरला. 'चाळीस मिनिटं लागली तरी मी इथून हलणार नाही,' ती मनात म्हणाली. 'चार तास लागले तरी नाही. घेऊन जायचं असेल तर आधी मला न्या.'

मेव्हिसने वळून तिच्याकडे पाहिलं. "आहे गं मी," व्हर्लीन म्हणाली. "इथेच आहे."

कुत्रीने पंजा खाली ठेवला. फिक्या चौकोनातून ती बाहेर आली, पट्टा ओलांडला आणि ऑर्व्हिलच्या हिरवळीवर गेली. त्या दाट, ओल्या, लाडावलेल्या हिरवळीवर, जिथे पाखराला उतरायची चोरी होती. अगदी मधोमध जाऊन ती एकदा गोल फिरली आणि निवांत बसली. ऑर्व्हिलचा हात आपोआप वर गेला, हुसकावायला. अर्ध्यातच थांबला. मग तो हळूच पुटपुटला, "कुणी हलू नका रे."

कुणीच हललं नाही. मेव्हिसचं झाल्यावर तिने मागच्या पायांनी गवत उकरलं, चांगलं दोन ठिकाणी मुळासकट उपटलं, आणि धावत व्हर्लीनकडे आली. ती धावते हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ऑर्व्हिल उपटलेल्या गवताकडे बघत होता आणि डोळे पुसत होता. कशासाठी ते त्याला कुणी विचारलं नाही.

कॅरिसा फळीवर वाकून लिहायला लागली. व्हर्लीन उतरण उतरून तिच्या समोर उभी राहिली, वॉकर विसरून. एका हाताने मेव्हिसचा कान धरलेला, तोच गोंदलेला.

"काय लिहितेस?"

"चांगलंच लिहितेय, मिसेस स्टकी. 'चार आठवड्यांत सुधारली.' आणि खाली नव्या घराचा पत्ता, तो आपण..."

"पत्ता माझा टाक. आणि वरचं खोड."

"कोणतं?"

"'सुधारली' ते. बिघडली कधी होती ती? खोड म्हणते ना."

कॅरिसाने खोडलं. लेखणी कागदावर तशीच धरून ती वाट बघत राहिली. "मग काय लिहू?"

व्हर्लीनला समोरचा कागद उलटा दिसत होता आणि तो तिला अक्षरन् अक्षर वाचता येत होता.

"लिही," ती म्हणाली. "तिने हाक मारली, आणि या वेळी कुणीतरी आलं."